सबसिडी फक्त ईव्हीलाच? पेट्रोलच्या टाकीचाही हिशोब मांडू

नमस्कार.

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "सबसिडी काढून घ्या, मग बघू या गाड्या किती खपतात ते." समोरून लगेच उत्तर येतं, "आधी पेट्रोलची काढा!" त्यापुढे बोलणं सरकत नाही, नुसता आवाज चढतो. हा वाद मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्हीकडे जाणारा पैसा सगळ्यांच्या खिशातला आहे. ज्याच्या दारात गाडीच नाही, त्याच्याही.

आधी गाडीपाशी जाऊ. पेट्रोलची गाडी अर्धा तास चालवा, थांबवा आणि बॉनेट उघडून इंजिनाजवळ हात न्या. धग लागते. ती धग म्हणजे तुम्ही पैसे मोजून भरलेलं पेट्रोलच आहे, फक्त ते चाकापर्यंत पोचलं नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर असतं तेच. त्या नवांपैकी चाकं फिरवण्याच्या कामी येतात दोन-अडीच. बाकीची ऊर्जा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. यात इंजिनिअरांचा दोष नाही. शंभर वर्षं हुशार माणसांनी या इंजिनावर घाम गाळलाय. पण उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला निसर्गानंच मर्यादा घालून दिली आहे, आणि ती ओलांडता येत नाही.

आता हे बघा. (फळ्यावर दोन रकाने.) मध्यम आकाराची पेट्रोल गाडी एका लिटरला पंधरा किलोमीटर गेली असं धरू. म्हणजे ९ युनिट खर्च. तेवढंच अंतर तशाच आकाराची इलेक्ट्रिक गाडी जाते अडीच युनिटच्या आसपास. शिवाय उतारावर किंवा ब्रेक दाबल्यावर तिची मोटार उलट काम करते, जनित्र होते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. पेट्रोल गाडीत ब्रेक दाबला की ती ऊर्जा ब्रेक तापवण्यात संपली.

इथे लोक विचारतात, आणि बरोबर विचारतात, की ती वीज कोळशाची असेल तर? तर मी स्पष्ट सांगते, फायदा जवळजवळ उरत नाही. कोळशावरच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अडीच युनिटांचा झाला अडीच किलो. एक लिटर पेट्रोल जळलं की निघतो २.३ किलो. तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून आणणं यांचा धूर त्यात मिळवला की दोघी जवळपास बरोबरीत येतात. आणि बॅटरी बनवतानाच भरपूर धूर झालेला असतो, म्हणजे ईव्ही कारखान्यातून निघते तीच डोक्यावर कर्ज घेऊन. तेव्हा "ईव्ही म्हणजे शून्य प्रदूषण" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

पण कुठल्याही देशाची वीज सगळीच्या सगळी कोळशाची फारशी नसते, आणि ती बदलत जाते. आज घेतलेली पेट्रोल गाडी पंधरा वर्षांनीही लिटरमागे २.३ किलोच सोडणार. आज घेतलेली ईव्ही मात्र जसजसं सौर आणि पवन वीज वाढेल तसतशी स्वच्छ होत जाते, तिच्यातला एकही स्क्रू न बदलता. माझ्या मनात ईव्हीचं पारडं जड होतं ते या एका कारणानं.

आता सबसिडी. हा शब्द लोक दोन अगदी वेगळ्या अर्थांनी वापरतात, आणि निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आकडा तुम्ही कुठेतरी ऐकला असेल: २०२२ मध्ये जगभर खनिज इंधनांना ७ लाख कोटी डॉलरची सबसिडी मिळाली. ऐकूनच छाती दडपते. पण हा सगळाच्या सगळा पैसा काही सरकारी तिजोऱ्यांतून बाहेर पडलेला नाही. त्यातला थेट भाग, म्हणजे इंधन खर्चापेक्षा स्वस्त विकण्यासाठी सोसलेला भार, साधारण १.३ लाख कोटी डॉलर. उरलेला मोठा हिस्सा म्हणजे धुरामुळे होणारे आजार, हवामानाचं नुकसान, वाहतूक कोंडी, यांची किंमत जी इंधनाच्या दरात लागलीच नाही, ती. मला विचाराल तर हे नुकसान खरं आहे. दम्यानं धापा टाकणाऱ्या मुलाचं औषध कुणीतरी विकत आणतंच. पण त्याला आणि रोख सबसिडीला एकाच शब्दात कोंबलं की समोरच्याचा विश्वास उडतो. म्हणून मी ईव्हीच्या बाजूची असूनही वादात ७ चा आकडा वापरत नाही. १.३ चा पुरेसा आहे.

आणि तो खरंच पुरेसा आहे. त्याच २०२२ सालात जगानं इलेक्ट्रिक मोटारींवर ४०,००० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबानं त्यात सरकारी मदत होती जेमतेम दहा टक्के, म्हणजे ४,००० कोटी डॉलरच्या आसपास. बाकीचा पैसा गिऱ्हाइकांनी स्वतःच्या खिशातून घातला. १.३ लाख कोटीत वीज आणि गॅसवरची सबसिडीही येते, ते युक्रेन युद्धाचं वर्ष होतं, त्यामुळे आकडा फुगलेला होता, हे सगळं मान्य. तरी दोन्ही पारडी एकदा डोळ्यांसमोर आणा.

बरं, सबसिडी जाते कुणाकडे? इथे दोन्ही बाजूंना अवघड वाटेल असं बोलायचं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले सेव्हरिन बोरेनस्टाईन आणि लुकास डेव्हिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेची करविवरणं तपासली. इलेक्ट्रिक गाडीवरच्या करसवलतीतला सुमारे ९० टक्के पैसा सर्वांत श्रीमंत वीस टक्के कुटुंबांकडे गेला होता. स्वाभाविक आहे, नवी कोरी गाडी घेतो कोण? मला हे खटकतं. ज्याला ती गाडी तशीही परवडत होती, त्याच्या खरेदीत बसनं जाणाऱ्यानं भर का घालावी?

पण पेट्रोल स्वस्त ठेवल्यानं गरिबाचं भलं होतं, हाही समजच आहे. नाणेनिधीनं विकसनशील देशांमधल्या इंधन सबसिडीचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की वरच्या वीस टक्के लोकांच्या पदरात खालच्या वीस टक्क्यांच्या सहापट पडतं. ज्याच्या घरी मोठी गाडी, त्याच्या टाकीत जास्त सबसिडी. साधी गोष्ट आहे, तरी गरिबाच्या नावानं ती चालू राहते.

मग दोन्ही सारख्याच वाईट का? मला तसं वाटत नाही, आणि का ते नीट सांगते.

स्वस्त पेट्रोलवर घातलेला पैसा त्याच दिवशी जळून जातो. पुढच्या महिन्यात तेवढाच पुन्हा घालायचा. चाळीस वर्षं घातला तरी एक्केचाळिसाव्या वर्षी पेट्रोल स्वस्त होत नाही. बॅटरीचं तसं नाही. २०१० मध्ये एका युनिटची वीज साठवणारा बॅटरी पॅक हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलरवर आला. नव्वद टक्के घट! थिओडोर राईट या अमेरिकी इंजिनिअरनं १९३६ मध्ये विमानांच्या कारखान्यात पाहिलं होतं, की एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगामागचा खर्च ठराविक टक्क्यांनी उतरतो, कारण हात बसतो, चुका कमी होतात. बॅटरीचं तेच झालं. सुरुवातीच्या महागड्या बॅटऱ्या कुणीतरी घ्याव्या लागतात, तरच पुढच्या स्वस्त होतात. तेव्हाची सबसिडी म्हणजे शिकण्याची फी होती, आणि शिकलेलं पुसलं जात नाही.

गंमत बघा, लिथियम बॅटरीचा पाया घातला गेला तो एका तेल कंपनीत. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी सत्तरच्या दशकात, तेलटंचाईच्या काळात, एक्सॉनमध्ये हे काम केलं. २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

फी एकदा भरली की बंद व्हायला हवी. माझा सगळा मुद्दा हाच आहे: कुठलीही सबसिडी असो, तिला शेवटची तारीख हवी, आणि ती आधी सांगितलेली हवी. आता अमेरिकेकडे बघा. इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. तिथेच तेलविहीर खोदण्याच्या खर्चावर मिळणारी करसवलत १९१३ पासून चालू आहे. एकोणीसशे तेरा! तेव्हा बऱ्याच मोटारी अजून हँडल मारून सुरू करायच्या. इंजिन उलटं फिरलं की हँडल मनगटावर बसायचं, हाड मोडायचं. १९०० च्या सुमाराला अमेरिकेत जवळपास एक तृतीयांश मोटारी विजेवर चालायच्या त्याचं एक कारण हेच, त्यांना हँडल मारावं लागत नसे. १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडीची ती अडचण हळूहळू मिटली. त्या काळातल्या उद्योगाला हात द्यायला दिलेली सवलत आजही तशीच आहे. नवख्याला दिलेली मदत शंभर वर्षांच्या धनाढ्याला कशासाठी?

आता सबसिडी बंद कशी करतात, हेही बघण्यासारखं आहे. जर्मनीनं डिसेंबर २०२३ मध्ये ईव्हीवरचा बोनस एका शनिवारी जाहीर करून दुसऱ्या दिवशी रात्री बंद केला. गाडीची ऑर्डर देऊन बसलेले लोक तोंडात बोट घालून राहिले. २०२४ मध्ये तिथली इलेक्ट्रिक विक्री २७ टक्क्यांनी पडली. चीननं २००९ मध्ये सुरू केलेली खरेदी सबसिडी टप्प्याटप्प्यानं उतरवत २०२२ अखेर थांबवली. करातली सूट ठेवली, पण रोख मदत गेली. तरी २०२४ मध्ये तिथली जवळजवळ निम्मी नवी विक्री इलेक्ट्रिक आणि प्लग-इन (पेट्रोल इंजिन असूनही बॅटरी बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) गाड्यांची होती.

पेट्रोलची सबसिडी काढणं मात्र सरकारांच्या जिवावर येतं, आणि ते उगीच नाही. इंडोनेशियात मे १९९८ मध्ये इंधनाचे दर वाढवले, दंगली पेटल्या आणि त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना पायउतार व्हावं लागलं. अर्थात तिथे आधीच आर्थिक संकट होतं, नुसत्या पेट्रोलनं सत्ता गेली नाही. नायजेरियात २०२३ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्या भाषणातच सबसिडी संपल्याचं सांगितलं, दर कडाडले आणि सामान्य माणूस होरपळला. इराणनं २०१० मध्ये वेगळं केलं. दर वाढवण्याआधी घराघराच्या बँक खात्यात रोख रक्कम टाकली, आणि लोकांना ती दिसत असताना दर वाढवले. पुढे महागाईनं त्या रकमेची किंमत खाल्ली. तरी आधी हातात द्या आणि मग काढून घ्या, ही रीत मला पटते. भाजी वाहणाऱ्या टेम्पोवाल्याला एका रात्रीत उघड्यावर टाकून हवामान वाचवता येणार नाही, त्याला ते मान्य होणार नाही आणि का व्हावं?

नॉर्वेचं नाव निघतंच. तिथे २०२४ मध्ये दहातल्या जवळपास नऊ नव्या मोटारी इलेक्ट्रिक होत्या. पण नॉर्वेनं मुख्यतः रोख पैसे वाटले नाहीत. पेट्रोल गाडीवर जबर कर आणि ईव्हीला त्यातून सूट, असा तो मार्ग. बहुतेक वीज पाण्यावर तयार होणारी, आणि श्रीमंती आली ती तेल विकून. ती नक्कल सगळ्यांना जमणार नाही. मात्र सूट कशी काढावी हे नॉर्वेकडून शिकावं. २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या (क्रोनर म्हणजे तिथलं चलन) वरच्या किमतीवर त्यांनी ईव्हीलाही मूल्यवर्धित कर लावला. महागड्या गाडीपासून सुरुवात केली, हे मला फार योग्य वाटतं.

एक गोष्ट राहिली. रस्ते बांधायला आणि दुरुस्त करायला बऱ्याच देशांत पेट्रोलवरचा कर कामी येतो. ईव्हीवाला तो भरत नाही, आणि बॅटरीमुळे त्याची गाडी बहुधा जास्त वजनदार असते. न्यूझीलंडनं १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना किलोमीटरवर कर लावला. डिझेलवाले पूर्वीपासून भरतात तसा, हजार-हजार किलोमीटरचा आधीच विकत घ्यायचा. ब्रिटननंही २०२८ पासून तसंच करायचं जाहीर केलंय. ईव्हीची बाजू घेणारे बरेच जण यावर चिडतात. मी चिडत नाही. रस्ता झिजवणाऱ्यानं रस्त्याचे पैसे द्यावेत. फक्त तोच नियम धुराला लावा, आणि १९१३ च्या त्या सवलतीलाही एक तारीख द्या.