ड्राइव्ह ट्रिप झाला, पण कधी?

नमस्कार मंडळी. समोर बहुतेक सगळे मेंटेनन्सवालेच दिसतायत, म्हणजे ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा डबा, यावर फार वेळ घालवत नाही. ४१५ व्होल्ट थ्री फेज आत येतो, रेक्टिफायर त्याचा डीसी करतो, कपॅसिटर तो डीसी साठवतात (हीच डीसी बस) आणि पुढे आयजीबीटी, म्हणजे झटपट चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याचे तुकडे करून मोटरला हवी ती फ्रीक्वेन्सी देतात, बास एवढं डोक्यात असलं की आजचं काम भागतं.

आता होतं काय, की ड्राइव्ह ट्रिप झाला, म्हणजे काही गडबड दिसून स्वतःच बंद पडला, की सुपरवायझर ओरडतो, आपण धावत जातो, रीसेट मारतो, मशीन चालू, चहाला परत. अर्ध्या तासाने परत ट्रिप. तिसऱ्या वेळेला कोणीतरी म्हणतं ड्राइव्हच गेलाय, नवीन मागवा. माझं म्हणणं असं आहे की रीसेटला हात लावायच्या आधी एकच गोष्ट विचारा, ट्रिप आली कधी? चालू करताना, चालता चालता, की थांबवताना? ऑपरेटरला विचारा, मॅनेजरला नको. आणि फॉल्ट हिस्टरी उघडा, बऱ्याच ड्राइव्हमध्ये ट्रिपच्या क्षणी करंट किती होता, फ्रीक्वेन्सी किती, डीसी बस किती हे साठवलेलं असतं, पण ते मेनू कोणी उघडतच नाही.

ओव्हरव्होल्टेजचंच घ्या. लोक लगेच वीज कंपनीला शिव्या देतात. पण ४१५ ला डीसी बस साधारण ५६० ते ५८५ च्या आसपास असते आणि ट्रिप होते ८०० च्या जवळपास, मग इनकमर, म्हणजे आत येणारा सप्लाय, किती चढायला पाहिजे बघा, तसं झालं असतं तर अख्ख्या शॉपमधले दिवे बोंबलले असते. ट्रिप थांबवताना येत असेल तर कारण आपल्याच मशीनमध्ये आहे, मोठा ब्लोअर किंवा जड फ्लायव्हील असतं, आपण डिसेल टाइम, म्हणजे थांबायला द्यायचा वेळ, ५ सेकंद टाकलेला असतो, आणि थांबताना तो लोडच मोटरला फिरवतो, मोटर जनरेटर होते, पॉवर उलटी येऊन बस फुगवते. टाइम वाढवून बघा, आणि प्रॉडक्शनवाले म्हणाले नाही आम्हाला पटकनच थांबवायचंय, तर ती उलटी पॉवर जाळून टाकणारा ब्रेकिंग रेझिस्टर आहे का, आणि असला तर तो तुटलेला नाही ना, हे ओहमवर मोजा.

अंडरव्होल्टेजची केस जरा नीट सांगतो कारण तिथे सगळे फसतात. इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, ड्राइव्ह लोडवर ट्रिप व्हायचा. इनकमिंग तिन्ही फेज ४१५, फ्यूज ओके, कनेक्शन टाइट. बिनलोड चालवला तर काहीच तक्रार नाही. मी डिस्प्लेवर डीसी बसचं पॅरामीटर लावून ठेवलं आणि ऑपरेटरला म्हटलं हळूहळू स्पीड वाढव. ५८० होते, लोड आला तसे ५३०, ४८०, ४२०, आणि ट्रिप. सप्लाय ठणठणीत असताना बस अशी खाली बसते म्हणजे मध्ये कुठेतरी अडथळा आहे. तर ड्राइव्ह चालू होताना रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढू नयेत म्हणून एक प्रीचार्ज रेझिस्टर सीरीजमध्ये असतो, बस भरली की रिले त्याला शॉर्ट करतो. पॉवर दिल्यावर टक् असा आवाज येतो तो त्याचाच. इथे गंमत अशी की टक् आवाज येत होता, म्हणून सगळे म्हणत होते रिले चांगला आहे! कॉइल चांगली होती, कॉन्टॅक्ट जळून काळे झाले होते, मग सगळा लोड त्या बिचाऱ्या रेझिस्टरमधून चाललेला. रिले काढला, टेबलावर कॉइलला २४ व्होल्ट दिले, कॉन्टॅक्ट मोजला तर मीटर ओपन. काही शे रुपयांचा रिले, आणि मालकाने नव्या ड्राइव्हचं कोटेशन मागवून ठेवलेलं. पण उघडण्याआधी पॉवर बंद करून निदान १० मिनिटं थांबा आणि डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून बघा, दिवा विझला म्हणजे कपॅसिटर रिकामे झाले असं नाही.

चालू करतानाच ओव्हरकरंट येत असेल तर मोटरची केबल ड्राइव्हकडून सोडा आणि साध्या व्ही बाय एफ मोडवर (फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा मोड) बिनमोटरचा चालवून बघा (आउटपुट फेज लॉसचं प्रोटेक्शन तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर त्याचीच ट्रिप येईल). तरीही ट्रिप, तर आयजीबीटी किंवा करंट सेन्सर. ट्रिप गेली, तर केबल, मोटर किंवा मशीन जाम. पावसाळ्यात अर्थ फॉल्ट आला की आधी मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा, जूनमध्ये निम्म्या वेळा आत पाणीच सापडतं.

आणि हात जोडून सांगतो, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, मारायचा असेल तर यू व्ही डब्ल्यू, म्हणजे मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी, ड्राइव्हकडून सोडून मगच मारा. ड्राइव्ह जोडलेला ठेवून ५०० व्होल्टचा मेगर फिरवला की मोटर तपासायला गेलो आणि आयजीबीटी घालवून आलो.

स्टार-डेल्टावाले, म्हणजे ड्राइव्हऐवजी मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालू करणारे, म्हणतील आमचं काय. तुमच्याकडे ओव्हरलोड रिले बघा कुठे बसवलाय. बहुतेक पॅनेलमध्ये तो मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, म्हणजे फेज करंटवर (एका वाइंडिंगमधल्या करंटवर) असतो, तर सेटिंग फुल लोडच्या ५८ टक्के पाहिजे. २० एचपीची मोटर, प्लेटवर २८ अँपियर, तर रिले १६ ला. पण वायरमन प्लेट बघून २८ लावतो, मोटर जळते, आणि वाइंडिंगवाल्याचा धंदा चालतो.

तुमच्यातून प्रश्न आला की स्टोअरमधला स्पेअर ड्राइव्ह लावला आणि तो लगेच उडाला, असं का? दोन-तीन वर्षं पडून असलेल्या ड्राइव्हचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून ढिले पडतात, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की लीकेज करंटने तापून फुगतात. व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवा, किती वेळ ठेवायचं ते त्या ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. किंवा सोपं म्हणजे स्टोअरमधला ड्राइव्ह वर्षातून एकदा बाहेर काढून पॉवर देऊन ठेवा, आणि खोक्यावर तारीख लिहा.