मोर्चा, फळी आणि हूल

नमस्कार मंडळी. पाच मिनिटं मिळालीत आणि बाहेर मसालेभाताचा वास सुटलाय, म्हणजे लढाई मी आधीच हरलोय.

परवा कार्यकारिणीच्या ग्रुपवर निरोप आला, 'गणपतीच्या हॉलसाठी रणनीती ठरवू.' अहो, हॉलवाल्याला फोन करायचा की समोर जाऊन उभं राहायचं, हा नुसता डाव. मुळात गणपती कशासाठी बसवायचा आणि पुढच्या पिढीकडे कसा सोपवायचा, ही रणनीती. तिचा निरोप मात्र कधी येत नाही!

१७२८ सालचं पालखेड बघा. निजाम पुण्यापर्यंत शिरला, पण बाजीराव पुणं वाचवायला धावले नाहीत. आधी बुऱ्हाणपूरची हूल दिली, मग गुजरात, आणि शेवटी औरंगाबादकडे वळले. घराला धोका दिसताच निजाम पुणं सोडून मागे फिरला. घाईत जड तोफा मागे राहिल्या. वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावांनी त्याला गाठलं, पाणी आणि रसद तोडली. हे झाले डावपेच. दख्खनच्या महसुलातला वाटा, म्हणजे चौथाई-सरदेशमुखी, छत्रपती शाहूंच्या पदरात पडली पाहिजे, ही त्यामागची रणनीती. मुंगी-शेवगावच्या तहात ती साधली.

ती घोडी गेली, शब्द मात्र आपल्या तोंडात राहिले. घोडा गोल फिरवणं म्हणजे कावा, म्हणून गनिमी कावा. मोर्चा म्हणजे तोफा-बंदुका रोखून बसायची जागा. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून शाबूत आहे. पण एरवी बसलेला मोर्चा हल्ली घोषणा देत रस्त्यानं चालतो! आघाडी ही सैन्याची पुढची बाजू; आता तीत पक्ष असतात, आणि पुढे कोणी व्हायचं यावरच भांडतात. फळी म्हणजे सैनिकांची रांग; ती तर क्रिकेटच्या समालोचनात रोज कोसळते.

माझी सात वर्षांची नात मराठी शाळेत जाते. जेवताना म्हणाली, "आजोबा, खिडकीत खार बघ!" मी मान वळवली आणि तिच्या ताटातलं कारलं माझ्या ताटात आलं. विचारलं, "याला काय म्हणतात?"

"ट्रिक."

"हूल म्हणतात."

संध्याकाळी आईला फोनवर सांगत होती, "आज मी आजोबांना हूल दिली. उद्या पण देणार आहे."