पाठलागाबाहेरची अरेथूसा

मित्रहो, आज ज्या जलदेवतेविषयी, ग्रीक पुराणकथांतल्या अरेथूसाविषयी, बोलायचं आहे, तिचा झरा अजून वाहतो आहे. सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर सिराक्यूज शहर आहे. त्याच्या ऑर्टिजिया या बेटावर, बंदराच्या अगदी काठाशी, दगडी कठड्याच्या आत गोड्या पाण्याचं एक कुंड आहे. त्यात पपायरसची झुडपं वाढलेली आहेत आणि कठड्यापलीकडे लगेच खारा समुद्र. इ.स.पू. ७०मध्ये व्हेरेस या भ्रष्ट सुभेदाराविरुद्धच्या खटल्यासाठी लिहिलेल्या भाषणात सिसेरो या रोमन वक्त्यानं याच झऱ्याचं वर्णन केलं आहे: झरा विलक्षण मोठा आहे, माशांनी भरलेला आहे, आणि मध्ये दगडी बांध नसता तर लाटांनी तो केव्हाच गिळला असता.

यामागचं भूशास्त्र सरळ आहे. सिराक्यूजच्या पाठीशी चुनखडीचे डोंगर आहेत. त्यांच्यात मुरलेलं पावसाचं पाणी खडकातल्या पोकळ्यांमधून वाट काढत किनाऱ्याशी वर येतं. पण इ.स.पू. ७३४च्या सुमारास कॉरिंथहून आलेल्या ग्रीक वसाहतकारांना या पाण्याचं नातं मायदेशाशी जोडावंसं वाटलं. दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजमध्ये ऑलिंपियाजवळून आल्फेअस नदी वाहते. तिच्या वरच्या भागात पाणी मध्येच जमिनीखाली जातं आणि पुढे पुन्हा वर येतं. मग तेच पाणी समुद्राखालून सिसिलीला का येणार नाही? ऑलिंपियाला नदीत टाकलेला प्याला ऑर्टिजियाच्या झऱ्यात सापडतो, असं लोक सांगत. स्ट्रॅबो या भूगोलकारानं हे साफ नाकारलं. नदी सर्वांच्या डोळ्यांदेखत समुद्राला मिळते, आणि इतकं अंतर खाऱ्या पाण्यातून गेल्यावर ती गोडी राहील कशी, असा त्याचा सवाल होता. सवाल बिनतोड आहे. पण तोवर कथा रुजलेली होती.

कथेचं सर्वांत समृद्ध रूप रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसेस’ या रूपांतरकथांच्या काव्याच्या पाचव्या खंडात आहे. मला तिथे सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: ओव्हिड अरेथूसाला स्वतःच्या तोंडून बोलू देतो. हरवलेली मुलगी परत मिळाल्यावर निश्चिंत झालेली धान्यदेवता सेरेस तिला तिची कहाणी विचारते. अरेथूसा खोल पाण्यातून डोकं वर काढते, हिरवे केस हातानं निपटते आणि सांगू लागते. ती शिकारीची देवी डायाना हिच्या परिवारातली शिकारी मुलगी. लोक तिच्या रूपाची वाखाणणी करत, तेव्हा ती लाजून लाल होई. आपण कोणाला आवडणं हाच आपला गुन्हा, असं तिला वाटे. एके दिवशी शिकारीहून दमून येताना तिला एक नदी लागली. पाणी इतकं नितळ आणि संथ की तळचे खडे मोजावेत. कपडे एका वाळुंजीवर टाकून ती पाण्यात उतरली, आणि पाण्याच्या पोटातून कसलीशी कुजबुज ऐकू आली. घाबरून जवळचा काठ गाठला, तर कपडे पलीकडच्या काठावर. ती तशीच धावत सुटली. त्या नदीचा देव आल्फेअस मागे लागला. डोंगर, रानं, वाट नसलेले कडे ओलांडत ती धावली. सूर्य पाठीशी होता, त्यामुळे तिच्या पावलांपुढे एक लांब सावली सरकताना तिला दिसली. केसांवर त्याचा श्वास लागला, तेव्हा तिनं डायानाचा धावा केला. देवीनं तिच्याभोवती ढग उभा केला. आल्फेअस त्या ढगाभोवती फिरत राहिला, दोनदा नाव घेऊन हाका मारल्या. आत तिला थंड घाम फुटला, पाऊल हलवलं तिथे डबकं झालं, केसांतून थेंब गळू लागले, आणि बघता बघता ती पाणीच झाली. त्याबरोबर आल्फेअसनंही आपलं नदीचं रूप घेतलं, तिच्यात मिसळता यावं म्हणून. डायानानं जमीन फोडली आणि अरेथूसा पाताळातून ऑर्टिजियाला निसटली.

तिच्या या भुयारी प्रवासाचा एक परिणाम आपण सहसा विसरतो. पाताळातून जाताना तिनं पर्सेफोनीला पाहिलं होतं. पर्सेफोनी म्हणजे सेरेसची मुलगी; ती कुठे आहे हे शोधात फिरणाऱ्या सेरेसला आधी सांगितलं होतं ते हिनंच. एका पळवून नेलेल्या मुलीचा ठावठिकाणा निसटलेल्या मुलीकडून कळतो; ओव्हिडनं हे दोन धागे एकत्र विणले, याबद्दल मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

पण ओव्हिडच्या चारशे वर्षं आधी सिराक्यूजच्या कारागिरांनी अरेथूसाची जी प्रतिमा घडवली, तिच्यात आल्फेअस नाहीच. शहराच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला स्त्रीचं मस्तक आणि भोवती डॉल्फिन, दुसऱ्या बाजूला चार घोड्यांचा रथ. हे डॉल्फिन म्हणजे निव्वळ नक्षी नव्हे, तो नकाशा आहे: मध्ये गोडं पाणी, चहूकडे समुद्र. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस युऐनेटोस आणि किमोन यांनी ठसे कोरले, त्यांवर आपली सहीही केली. द्राख्मा हे ग्रीक चलन; त्यांचं दहा द्राख्मांचं नाणं सुमारे ४३ ग्रॅमचं, तळहातावर जड लागेल असं. काही मस्तकं अरेथूसाची की पर्सेफोनीची यावर अभ्यासकांत वाद आहे. किमोनच्या एका चार द्राख्मांच्या नाण्याबद्दल मात्र वाद उरत नाही, कारण त्यानं तिचं नावच वर कोरलं आहे.

ते नाणं नीट पाहायला हवं. नाण्यावर चेहरा बाजूनं दाखवण्याची रीत होती, कारण समोरून कोरला की नाकाचा उंचवटा आधी झिजतो. किमोननं तो धोका पत्करला. चेहरा किंचित डावीकडे वळलेला, आपल्याकडे पाहणारा. केस मोकळे, पाण्यात तरंगावेत तसे पसरलेले, आणि बटांमधून डॉल्फिन सुळकन निघालेले. कपाळावरच्या पट्टीवर कारागिराचं नाव. या चेहऱ्यावर भीतीचा लवलेशही नाही. थेस्सालीतल्या लारिसा शहरानं आपल्या जलदेवतेसाठी हाच चेहरा उचलला, आशिया मायनरच्या टार्ससमध्येही त्याची नक्कल झाली, आणि सिराक्यूजशी पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या कार्थेजनं युऐनेटोसचं मस्तक आपल्या नाण्यांवर घेतलं. शत्रूनं नक्कल करावी, याहून मोठी दाद कोणती!

पुढच्या युरोपीय कलेला मात्र पाठलागाची भुरळ पडली. इटालियन शिल्पकार बात्तिस्ता लोरेन्झीचं संगमरवरी शिल्प, साधारण १५६८ ते १५७०मधलं, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. फ्लॉरेन्सजवळच्या एका वाड्यातल्या कृत्रिम गुहेसाठी ते घडवलं होतं. तिथे आल्फेअसनं तिला गाठलेलंच आहे. इंग्रज कवी शेलीनं १८२०मध्ये तिच्यावर कविता लिहिली. लय अशी धावती की वाचताना धाप लागावी. पण शेवटी त्यानं दोघांना एकजीव करून टाकलं, जुन्या मित्रांसारखं. कवितेचा नाद मला मनापासून आवडतो, हा समेट मात्र पटत नाही. ओव्हिडच्या अरेथूसानं तो कुठेही मागितलेला नाही.

संगीतानं तिला जास्त न्याय दिला, असं माझं मत आहे. पोलिश संगीतकार शिमानोव्स्कीच्या १९१५मधल्या ‘मिथ्स’ या व्हायोलिन आणि पियानोच्या रचनेचा पहिला भाग म्हणजे अरेथूसाचा झरा. आधी पियानो एकटाच पाणी चमकवत राहतो, मग त्यावर व्हायोलिन खूप उंच सुरात, जवळजवळ धाग्याइतकं बारीक होऊन येतं. आणि १९५१मध्ये इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटननं ओव्हिडवरून ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यासाठी सहा तुकडे लिहिले. शेवटचा अरेथूसाचा. मुळात संपूर्ण रचना एकट्या ओबोसाठी, साथीला कोणीच नाही. धावणारे स्वर वरून खाली ओघळतात, मध्ये लांब कंपनं येतात, आणि त्यानंतर ती पुन्हा वाहू लागते. आल्फेअससाठी या रचनेत एकही वेगळा आवाज ठेवलेला नाही. आता हा शेवटचा तुकडा ध्वनिमुद्रणावरून ऐकू या. जेमतेम तीनेक मिनिटांचा आहे, आणि त्यानंतर किमोनच्या नाण्याचं मोठं केलेलं छायाचित्र पडद्यावर ठेवतो, म्हणजे केसांतले डॉल्फिन तुम्हाला स्वतःला शोधता येतील.