वाफसा निघून चालला

नमस्कार. पुढे जागा आहे, मागे उभे आहात ते या ना पुढे. विषय पत्रिकेवर छापलाय "दुःख, ताण आणि आशा", त्यावर मी बोलणारच आहे, पण आधी मला लातूरकडच्या किल्लारीला, तिथल्या भूकंपाच्या दिवसांत जाऊन यायचंय. तीस वर्षं होऊन गेली, तरी या विषयावर बोलायला उभी राहिले की मी तिथूनच सुरू होते.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे चारच्या आत-बाहेर. तुमच्यातल्या निम्म्यांना ती पहाट आठवत असेल, कारण धक्का पार लांबपर्यंत जाणवला होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावोगाव गणपती बोळवून लोक उशिरा येऊन झोपलेले. आणि घरं कशी, तर दगड-मातीच्या दोन-दोन अडीच-अडीच फुटी भिंती, वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गार म्हणून आपण कौतुक करायचो तेच. तेच अंगावर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं नव्यानं दुसऱ्या जागी वसवावी लागली. दहनाला लाकूड पुरेना म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया, दारं वापरली लोकांनी. हे मी बघितलंय, म्हणून सांगते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, लातूरहून एका गटाबरोबर गेले होते उमरग्याकडच्या एका गावात. काम काय, तर पत्र्याच्या शेडमधे राहणाऱ्या लोकांशी बोलायचं, याद्या करायच्या. तिथं एक शेतकरी होते, पन्नाशीचे, मी त्यांना काका म्हणायचे. बायको, मुलगा, सून, नातू, सगळं एका रात्रीत. स्वतः वाचले कारण रानात बैलांपाशी झोपले होते. मधे पाऊस पडून गेला होता, आणि नंतर चार दिवस ऊन पडलं, तसे काका सकाळी आमच्या तंबूत आले आणि म्हणाले, "ताई, तिफण कुणाकडं मिळंल? वाफसा आलाय."

आता इथं शेतीवाले किती आहेत? हात वर करा. बरेच आहेत, छान. मग तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, पावसानंतर जमीन धड चिखल नाही धड कोरडी नाही अशी होते, त्याला वाफसा म्हणतात, पेरणी तेव्हाच. रब्बी ज्वारीचे दिवस होते. काळ्या रानात वाफसा थोडेच दिवस टिकतो, मग माती आवळून येते. आणि तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार.

तर आमच्या गटातले एक मोठे, शिकलेले गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, याला अजून धक्क्याची जाणीवच झालेली नाही, चार माणसं गेली आणि हा पेरणीचं बोलतोय, याला बसवा, बोलतं करा, रडू द्या. आणि मी बसवलं हो त्यांना! दोन दिवस! चहा दिला, "काका, मनातलं बोला" म्हटलं. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाफसा निघून चाललाय ताई, बसून कसं भागंल?" याचं मला आजही वाईट वाटतं.

तिफण मिळाली. बैल होतेच. पण चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ कोण धरणार? काका तिफण हाकायचे तेव्हा मागून बी सोडायची ती बायको. ते कुणाला काही बोलले नाहीत, नुसते तिफणीपाशी उभे. शेजारच्या शेडमधली एक बाई, तिचा नवरा आणि दोन लेकरं गेलेली, ती आपली आपण उठली, ओटीत बी घेतलं आणि चाड्याला हात लावला. दोघं दोन दिवस पेरत होते, एक शब्द नाही. शेवटचं तास, म्हणजे पेरणीची शेवटची ओळ, झालं तसे काका बांधावर बसले आणि हंबरडा फोडून रडले. बायकोचं नाव घेऊन. ती बाई बाजूला बसली होती. गप्प. तिनं त्यांना "रडू नका" म्हटलं नाही.

या "रडू नका"चा मला फार राग आहे. आपल्याकडे माणूस गेलं की भेटायला येणारे काय म्हणतात बघा, खंबीर हो, जे झालं ते झालं, देवाला आवडला, आता लेकरांकडे बघ. आणि हल्ली नवीन निघालंय, पॉझिटिव्ह रहा. अहो, ज्या बाईचा नवरा २०२१च्या कोरोनाच्या लाटेत गेला, जिला त्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही, ती कशी पॉझिटिव्ह राहणार? तेव्हा तर पॉझिटिव्ह शब्दाची भीती वाटायची! (हसलात, बरं वाटलं, मघापासून सगळे श्वास धरून बसलेत.) तेराव्यानंतर तर गेलेल्याचं नावच कुणी घरात घेत नाही, तिला त्रास होईल म्हणून. तिला नाव ऐकायचं असतं हो.

किल्लारीकडच्या घरांचंही तेच झालं, भल्यासाठी केलं पण माणसं एकमेकांपासून तुटली. नवी गावं बांधली, जमिनीप्रमाणे अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे स्क्वेअर फुटांची घरं, रुंद सरळ रस्ते. मजबूत घरं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुनी गल्ली मोडली, ओसरीवरून ओसरीवर हाक जायची ती बंद झाली, आणि...

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. किती? सात मिनिटं? बरं, मग मुख्य मुद्दा भराभर सांगते. स्टीव्हन हॉबफॉल या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मोठ्या आपत्तीनंतर माणसाला काय लागतं ते मांडलं, पाच गोष्टी. सुरक्षित वाटणं, जीव शांत होणं, आपल्या हातून काहीतरी होतं हे कळणं, माणसांशी जोडलेलं असणं, आणि आशा. काकांना पहिल्या दोन तेव्हा मिळाल्याच नव्हत्या, जमीन तर अजून हादरत होती. पण तिफणीमुळे तिसरी मिळाली, त्या बाईमुळे चौथी. पाचवीचं त्यांना कुणी व्याख्यान दिलं नाही. ज्वारी पेरली म्हणजे माघातली कापणी धरलीच की त्यांनी मनात. म्हणून मी म्हणते आशा समजावून देता येत नाही, दुःखातल्या माणसाला झेपेल एवढं, त्याच्याच सवयीचं काम त्याच्या हाताला लागू द्या आणि चाड्याला आपण हात लावा. काम लादू मात्र नका, त्यानं तिफण मागितली की द्या.

आणि ज्याला अंथरुणातूनच उठवत नाही, झोप नाही, जीव नकोसा झालाय म्हणतो, त्याला ज्वारीची गोष्ट सांगत बसू नका, डॉक्टरकडे न्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. लिहिलात? एक चार चार एक सहा.

ताणावर श्वासाचे व्यायाम सांगणार होते, ते राहिले, पुढच्या वेळी. चिठ्ठ्या आल्यात, त्याही वाचत नाही आता. ज्यांच्या घरातलं कुणी यंदा गेलंय त्यांनी घाईनं निघू नका, मी खाली येऊन या पहिल्या रांगेत बसते. तुमच्या माणसाचं नाव सांगा मला.