तिकडं तुले कोन पाह्यते?

नमस्कार श्रोतेहो. मी जन्मांध. माझं गाव दारव्हा तालुक्यातलं आणि नोकरी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत, गणिताची. सुटीत गावी आले की ओसरीवर प्रश्न ठरलेला, 'तिकडं तुले कोन पाह्यते वं माय?'

कोणी पाहत नाही. सोयी केलेल्या असतात. रस्ता ओलांडायच्या खांबावर बटणाचा डबा असतो, त्याच्या बुडाला एक छोटा शंकू. पायी जाणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की तो बोटांखाली गरगर फिरतो. डोळसांना त्याचा पत्ताच नसतो. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना तो मीच दाखवला! नोटांचंही तसंच. दहा पौंडांवर उठावाच्या ठिपक्यांचे दोन पुंजके, वीसवर तीन. खुणा आपल्या शंभराच्या नोटेवरही आहेत, पण आठवडी बाजार फिरून आलेल्या नोटेवर त्या लागतील तर शपथ.

वर्गात हात वर केलेला मला दिसत नाही, म्हणून मुलं स्वतःचं नाव घेऊन बोलतात. गणित मी लॅपटॉपवर टाइप करते, ते पडद्यावर उमटतं आणि माझ्या कानात वाचलं जातं. आकृत्या आणि वह्यांसाठी मदतनीस बाई आहेत. त्यांच्या पगाराला 'ॲक्सेस टू वर्क' या १९९४ पासूनच्या सरकारी योजनेतून पैसे मिळतात. तेव्हा सगळं एकटी करते, असा माझा दावा नाही. पण उत्तर बरोबर की चूक, हे मी ठरवते. त्या फक्त वाचून दाखवतात.

गावात मात्र वावराकडे निघाले की कोणीतरी दंड धरून ओढतच नेतं. माया आहे हो, नाही कुठं म्हणते? पण काठी राहते हवेत आणि पाय आदळतो धुऱ्यावर. आधी विचारा, 'येऊ काय संगं?' मग कोपर पुढं करा. आम्ही ते धरून अर्धं पाऊल मागं चालतो, चढउतार तुमच्या अंगावरूनच कळतो. पावसाळ्यात पांदणीच्या काळ्या चिखलापुढं काठी हात टेकते, तिथं हे कोपरच लागतं.

आणि घरात शिकणारं अंध लेकरू असेल, तर संगणकावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवून द्या. फुकट मिळतं, मराठीही वाचतं. आवाज सुरुवातीला यंत्रासारखा वाटेल, पोरं आठवडाभरात सरावतात. फक्त हेडफोन घेऊन द्या, नाहीतर घरातले वैतागतील.