आधी नाव बाजूला, मग मत

(दृश्य : घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर दोन पाकिटं, एक लहान, एक मोठं. शेजारी घडी घातलेला कागद.)

माझी आई सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आम्ही राहायला नाशिकरोडला. निवडणूक लागली की शाळेत तिच्या नावाची ऑर्डर यायची, मग ट्रेनिंग, मग आदल्या दिवशी साहित्य घेऊन कुठल्यातरी गावी मुक्काम. त्या गावाचं मतदान ती दिवसभर करून घ्यायची. तिचं स्वतःचं नाव मात्र इथल्या यादीत. म्हणून तिचं मत टपालाने जायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मतदान होऊन दोन दिवस झाले होते. रात्री भाकरी थापता थापता ती एकदम थांबली. म्हणाली, "अगं बाई! घोषणापत्र मी लहान पाकिटात घातलं."

आम्हा भावंडांना काहीच कळलं नाही. तिला कळलं होतं. त्या रात्री ती नीट जेवली नाही.

(दृश्य : पाकिटांवरचा मजकूर, अगदी जवळून.)

टपाली मतदारापुढे चार गोष्टी येतात. मतपत्रिका. ती ठेवायचं लहान पाकीट, म्हणजे नमुना १३-ब. घोषणापत्र, नमुना १३-अ. अमुक क्रमांकाची मतपत्रिका मला मिळाली आणि मत मीच दिलं, असं लिहून मतदार त्यावर सही करतो आणि अधिकारी ती सही साक्षांकित करतो. आणि हे सगळं पोटात घेणारं मोठं पाकीट, नमुना १३-क. मतपत्रिका लहान पाकिटात घालून चिकटवायची. मग ते लहान पाकीट आणि घोषणापत्र शेजारी शेजारी मोठ्या पाकिटात ठेवायचं. घोषणापत्र लहान पाकिटाच्या बाहेर राहिलं पाहिजे. आईकडून चुकलं ते इथं.

मोजणीच्या टेबलावर आधी मोठं पाकीट फुटतं. अधिकारी घोषणापत्र शोधतो. ते आहे का, सही आहे का, साक्षांकन झालंय का, त्यावर लिहिलेला मतपत्रिकेचा क्रमांक आणि लहान पाकिटावरचा क्रमांक जुळतो का. यातलं काही बिघडलं असेल, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. शेरा मारतात आणि बाद करतात. आईचं पाकीट तसंच बंद राहिलं असणार. आत तिची सही होती, तिचं मतही होतं, पण ते उघडून बघायची मुभा टेबलावरच्या कुणालाच नव्हती.

मला तेव्हा हा आडमुठेपणा वाटायचा. पाकीट उघडा, कागद काढा, मत मोजा, एवढं काय त्यात? पुढे १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला ५४-अ हा नियम मी ओळीओळीने वाचला, आणि माझी समजूत पार बदलली.

(दृश्य : दोन हात घोषणापत्रांचा गठ्ठा जुळवतात, पाकिटात घालतात, लाख लावतात.)

मोठी पाकिटं उघडून झाली की बिनचूक निघालेली सगळी घोषणापत्रं एकत्र करून वेगळ्या पाकिटात बंद करतात आणि सील करतात. हे झाल्याशिवाय एकही लहान पाकीट फुटत नाही. घोषणापत्रावर नाव असतं. मतपत्रिकेवर मत असतं. मत उजेडात येण्याआधी नाव टेबलावरून उठून गेलेलं असतं. मतदान केंद्रात आपण पुठ्ठ्याच्या आडोशाला जातो, तोच आडोसा इथं दोन पाकिटांनी आणि मोजणीच्या या क्रमाने उभा केलाय. आईच्या लहान पाकिटातून मत आणि नाव एकदमच बाहेर आलं असतं. ते न उघडून त्या अनोळखी अधिकाऱ्याने तिचं गुपित राखलं.

(दृश्य : मतपत्रिकेचा नमुना, पेनाने केलेल्या वेगवेगळ्या खुणा.)

लहान पाकीट उघडल्यावरही परीक्षा संपत नाही. कुणालाच मत दिलेलं नसेल तर बाद. दोघांना दिलं असेल तर बाद. मतदार ओळखू येईल अशी खूण किंवा अक्षर असेल तरी बाद. शाळेच्या रजिस्टरपासून पगारपत्रकापर्यंत प्रत्येक कागदावर सही करायची सवय जडलेली माणसं मतपत्रिकेवरही सही करून जातात, आणि ते मत वाया जातं. खूण नेमकी कुणासमोर आहे याचा संशय येत असेल तरी बाद.

पण याच नियमात एक वाक्य आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. खूण अस्पष्ट आहे किंवा एकापेक्षा जास्त वेळा केली आहे, एवढ्याच कारणावरून मत बाद करायचं नाही. मतदाराला कुणाला मत द्यायचं होतं हे स्पष्ट दिसत असेल तर ते धरायचं. थरथरत्या हाताने दोनदा ओढलेली रेघ या वाक्यामुळे वाचते.

(दृश्य : नाशिकरोडचं घर. खुर्चीत बसलेली वृद्ध स्त्री, चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

नोव्हेंबर २०२४. विधानसभेची निवडणूक. आईचं वय आता शहाऐंशी. घरून टपाली मतदानाची सोय नियमांत २०१९ साली आली, तेव्हा वयाची अट ८० होती. २०२४ च्या लोकसभेच्या तोंडावर ती ८५ झाली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांनाही ही सोय मिळते. बीएलओ ताईंनी, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकारी ताईंनी, घरी येऊन या सोयीचा अर्ज, नमुना १२-ड, भरून नेला. जाताना त्यांनी बजावलं, "आजी, एकदा हा अर्ज मंजूर झाला की यादीत तुमच्या नावापुढे पीबी, म्हणजे पोस्टल बॅलट, लागणार. मग केंद्रावर जाऊन मत देता येणार नाही." आई म्हणाली, "माहितेय बाई. या याद्या मीच सांभाळल्यात."

ठरल्या दिवशी दोन अधिकारी आले, सोबत पोलीस आणि चित्रीकरण करणारा मुलगा. बैठकीच्या खोलीत त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. आईने पेनाने खूण केली, मतपत्रिका लहान पाकिटात घातली, चिकटवली. मग घोषणापत्रावर सही केली. अधिकाऱ्याने ती साक्षांकित केली आणि कागद घडी घालून हातात धरला, तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, हे बाहेर राहू द्या. लहान पाकिटात नको."

साहेब हसले. तिने मोठं पाकीट स्वतः बंद केलं.

(दृश्य : देवळाली कॅम्पचा रस्ता, झाडांची कमान, दूरवर लष्करी गाडी.)

आमच्या घरापासून देवळाली जवळ. तोफखान्याचं प्रशिक्षण घेणारे जवान देशभरातून इथं येतात, आणि नाशिक जिल्ह्यातली पोरं त्यांच्यासारखीच दूर कुठंतरी सीमेवर असतात. सैनिकांची मतपत्रिका २०१६ च्या नियमबदलानंतर ऑनलाइन पोचते. ते तिची प्रिंट काढतात, मत नोंदवतात आणि परत मात्र टपालानेच पाठवतात. मोजणीच्या दिवशी त्या पाकिटांवरचे क्यूआर कोड आधी स्कॅन होतात, म्हणजे एकाच मतदाराची दोन पाकिटं आली असतील तर तिथंच सापडतात.

निवडणुकीच्या ड्यूटीवर असलेल्यांसाठीही आता नियम बदललाय. आईच्या वेळी पाकीट घरी आणून, निवांत बसून भरता यायचं. २०२३ च्या दुरुस्तीपासून ड्यूटीवरच्यांसाठी उभारलेल्या सुविधा केंद्रातच मत देऊन यावं लागतं. घरी नेलेल्या मतपत्रिकेवर कुणाचा दबाव येऊ नये, कुणी ती मागू नये, हा हेतू. मला तो पटतो. पण सुविधा केंद्रात रांग असते, घाई असते, आणि घाईतच कागद चुकीच्या पाकिटात जातो. मतदान यंत्र जोडायचं शिकवायला जेवढा वेळ देतात, त्यातली दहा मिनिटं तरी या दोन पाकिटांना मिळावीत असं मला अगदी मनापासून वाटतं.

(दृश्य : पहाट. मोजणी केंद्राबाहेर पोलिसांचे कठडे, ओळखपत्र गळ्यात घातलेली माणसं.)

मोजणी सकाळी आठला सुरू होते. पाकीट पोचायची शेवटची वेळही तीच. आठनंतर आलेलं पाकीट कितीही लांबून आलं असो, उघडत नाहीत. त्यावर वेळ लिहून तसंच बाजूला ठेवतात. सुरुवात टपाली मतांनी होते. अर्ध्या तासाने यंत्रं उघडतात. टपाली मतांच्या प्रत्येक टेबलावर सहायक निवडणूक निर्णय अधिकारी बसतो, समोर उमेदवारांचे प्रतिनिधी. यंत्राचा आकडा बटण दाबलं की दिसतो. इथं प्रत्येक मत हातातून जातं, म्हणून वेळ लागतो, आणि वादही इथंच होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने सांगितलं की टपाली मतं मोजून झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. हे फार बरं झालं. सगळं निकालाकडे धावत असताना कागदाचं टेबल एकटं मागे पडू नये.

एवढ्याशा पाकिटांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी आमच्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो. २३ नोव्हेंबर २०२४ ला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. दोन लाखांहून जास्त मतांमध्ये १६२. त्याआधी ४ जूनला मुंबई उत्तर पश्चिम लोकसभेत तर यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मतं होती. एका मताचा फरक. टपाली मतं वायकरांची १,५५०, कीर्तिकरांची १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले.

अशा वेळी आयोगाची एक सूचना कामाला येते. विजयाचं अंतर बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी ती सगळी बाद मतं पुन्हा तपासायची, निरीक्षकांसमोर, कॅमेरा चालू ठेवून. प्रत्येक शेऱ्याचं कारण पुन्हा एकदा बघायचं.

(दृश्य : नाशिकरोडचं घर. टीव्हीचा उजेड भिंतीवर. आवाज बंद.)

२३ नोव्हेंबरच्या सकाळी आई आठच्या आधीच टीव्हीपुढे येऊन बसली होती. पडद्यावर टपाली मतांचे कल झळकायला लागले तसा तिने आवाज बंद केला. आकड्यांकडे तिचं लक्ष नव्हतं. मला म्हणाली, "आता घोषणापत्रं बघत असतील. सील झाली की लहान पाकिटं काढतील."

चहा गार झाला तरी ती तिथंच बसून होती.

(दृश्य : लाखेचं सील, त्यावर पुसट होत जाणारा उजेड.)

मोजणी संपली की सगळे गठ्ठे बांधून सील होतात. घोषणापत्रांचा वेगळा, मतपत्रिकांचे वेगळे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते कुणाला उघडता येत नाहीत. आईची सही त्यातल्या एका गठ्ठ्यात बंद झाली आणि तिची खूण दुसऱ्यात.