शरदाचा राग कोणता?

(ठाण्यातल्या नौपाड्यात, कोजागिरीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. साडेपाचला या उन्हात तुम्ही आलात. पदराने आणि रुमालाने घाम टिपत बसलात, तरी आलात, याचं मला फार अप्रूप आहे. ऑक्टोबरमध्ये ठाण्यात कुणाला ‘बाहेर जाऊन ऋतूचं सौंदर्य बघा’ असं सांगितलं, तर तो आधी आपल्याकडे संशयाने बघतो. पण आज मला तेच सांगायचंय. बघा, आणि त्याच्या जोडीला ऐका.

सुरुवात एका प्रश्नाने करते. पावसाला आपल्याकडे मल्हार आहेत. एक नाही, कितीतरी: मेघ, मियाँ मल्हार, गौड मल्हार, सूर मल्हार. वसंताला बसंत आहे, बहार आहे, हिंडोल आहे. फाल्गुनात होरी, चैत्रात चैती. मग शरदाला काय? चाळीस वर्षं मैफली ऐकतेय, पण ‘आता शरद ऋतूचा राग सादर करते’ असं म्हणून कुणी षड्ज लावल्याचं मला आठवत नाही.

हा प्रश्न मला पडायचं आणखी एक कारण होतं. शरद म्हटलं की कितीतरी लोकांच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचं चित्र येतं, लाल-पिवळ्या पानांचं आणि गळणाऱ्या झाडांचं. तो आपला शरद नव्हे. आपली पानगळ शिशिरातली. संक्रांत उलटली की येऊरच्या डोंगरावर साग आणि शिरीष उघडे पडायला लागतात. आत्ता, आश्विनात, झाडं हिरवीगार आहेत. बदललंय ते गवत. भाद्रपदात गुडघाभर हिरवं होतं, ते आता टोकाकडून सोनेरी व्हायला लागलंय. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं आहे. आणि सातवीण फुललीय. आपल्या रस्त्यांच्या कडेला तिची कितीतरी झाडं आहेत. दिवसा त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण दिवेलागणीनंतर रिक्षातून जाताना एकदम वासाचा लोट येतो. काहींचं त्याने डोकं दुखतं, मला मान्य आहे. पण संस्कृत कवींनी सप्तपर्ण, म्हणजे हीच सातवीण, आणि काशाची फुलं शरदाशी कायमची बांधून टाकली, ती उगाच नाही. आपल्या पूर्वजांनी आयुष्य मोजायला हाच ऋतू घेतला. शंभर शरद जग, असा आशीर्वाद दिला. ज्याने पाऊस निभावला, त्याचं एक वर्ष खरं झालं.

बरं, मग उकाडा का? मुंबई-ठाण्यातून पावसाळा साधारण 8 ऑक्टोबरच्या आसपास माघार घेतो. ढगांचं छप्पर जातं, ऊन थेट खाली येतं, पण जमिनीतली आणि हवेतली ओल लगेच जात नाही. वारे दिशा बदलत असतात, समुद्रावरचा वारा दिवसा उशिरा पोचतो. म्हणून दुपार नकोशी होते. पण दुपारच. शरदाचं जे काही आहे ते दिवसाच्या दोन टोकांना आहे, पहाटे आणि सांजेला. हे ध्यानात ठेवा, कारण माझं पुढचं सगळं बोलणं त्यावर आहे.

आता शास्त्राकडे. जुन्या एका मतात सहा मुख्य राग सहा ऋतूंना वाटून दिलेत. ग्रीष्माला दीपक, वर्षेला मेघ, हेमंताला श्री, शिशिराला मालकंस, वसंताला हिंडोल, आणि शरदाला भैरव. मतांमतांत फरक आहेत, पण ही वाटणी बरीच प्रचलित. मी ती शिकताना पाठ केली होती आणि तिच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. भैरव म्हणजे पहाटेचा राग. तो बारा महिने पहाटे गातात. त्यात शरदाचं काय?

माझ्या गाण्याच्या बाई इथेच, जवळच्या एका चाळीत राहायच्या. दोन खोल्या, बाहेर सज्जा. पावसाळ्यात तंबोऱ्याचे फार हाल व्हायचे. दमट हवेने लाकूड फुगतं, खुंट्या भोकांत घट्ट बसतात. पिळायला गेलं तर हलत नाहीत, आणि हलल्या की एकदम उडी मारून स्वराच्या पुढे जातात. तबल्याची पुडी सैल पडते, बिचारा साथीदार गट्टे ठोकून ठोकून बेजार. त्यात वर पत्र्यावर पाऊस. आम्ही मल्हार शिकायचो तो अक्षरशः पावसाशी भांडून.

मग नवरात्र संपलं की एक दिवस बाई तंबोऱ्याची गवसणी काढायच्या आणि तो खिडकीशी, पण उन्हात नाही, असा उभा करून ठेवायच्या. मिरजेचा तंबोरा होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. भोपळा पाठीमागून हाताच्या घासटीने काळपट गुळगुळीत झालेला. दोन-तीन दिवसांनी जव्हारी बघायच्या. म्हणजे काय, तर घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा असतो, जीवा म्हणतात त्याला, तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. एवढासा दोरा. पण तो नेमक्या जागी आला की तार नुसती वाजत नाही, उमलते. एका तारेतून स्वरांचा अख्खा पिसारा बाहेर येतो, आणि खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कुणी लावलेलाच नसतो. तो ऐकू आला की बाई म्हणायच्या, ‘आता ऐक, आता हवा मोकळी झाली.’

आणि मग त्या पंखा बंद करायच्या.

ऑक्टोबरमध्ये! आम्ही मुली घामाने निथळायचो. पण पंख्याची पाती तंबोऱ्याचा नाद कापतात. तुम्ही घरी करून बघा. पंख्याखाली तंबोरा वाजवला की नाद थरथरतो, तुकडे पडतात. पंखा थांबला की तो नाद परत सलग होतो, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्या शांततेत आम्ही भैरव शिकलो. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नव्हतं की महिना कोणता आहे.

लक्षात आलं ते पुष्कळ वर्षांनी, उपवनला. ऑक्टोबर संपत आला होता, मी पहाटे पावणेसहाला तलावाच्या काठी जाऊन बसले. झोप येत नव्हती म्हणून गेले, दुसरं काही कारण नव्हतं. पाण्यावर पातळ धुकं होतं. आता आपल्या ठाण्याची रचना लक्षात घ्या. डोंगर पश्चिमेला, शहर पूर्वेला. त्यामुळे उपवनला सूर्य उगवताना दिसतच नाही. तो आपल्या पाठीमागे, इमारतींच्या पलीकडे वर येत असतो. समोर दिसतं ते असं की येऊरच्या माथ्यावर एक नारिंगी रेघ उमटते, आणि मग ती रेघ खाली उतरायला लागते. माथ्यावरची झाडं, मग उतारावरचं सोनेरी गवत, मग पायथा. ऊन वरून खाली येतं. आणि तळाशी, जिथे ते अजून पोचलेलं नाही, तिथे पाणी आणि धुकं हलत असतं.

मी मनात भैरव म्हणत होते, सवयीने. ग म रे, रे सा. गंधार-मध्यमावरून स्वर उतरतो आणि कोमल रिषभावर, म्हणजे जरा उतरलेल्या ‘रे’वर येतो, पण तिथे तो टेकत नाही. झुलतो. त्याला आपण आंदोलन म्हणतो. हलका, सावकाश, षड्जाकडे जाऊ की नको अशा बेताने. त्या क्षणी मला कळलं की समोर हेच चाललंय. वरून उतरत आलेला उजेड पाण्याच्या काठाशी येऊन असाच हलतोय.

पावसाळ्यात हे दिसलं असतं का? नाही. तेव्हा उजेड एका जागेहून येत नाही, सगळीकडून राखाडी येतो. उन्हाळ्यात? ऊन उतरतंय असं म्हणेपर्यंत डोळे दिपतात. रिषभाचं ते झुलणं दिसायला आभाळ निर्मळ हवं आणि हवेत थोडी ओलही हवी. ते दोन्ही एकत्र मिळतं ते याच दिवसांत. ज्यांनी शरदाला भैरव दिला त्यांच्या मनात नेमकं काय होतं, ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. मला त्या दिवसापासून ती वाटणी पटली, इतकंच.

आणि गंमत बघा. संध्याकाळी सुरू होणाऱ्या मैफलींमुळे सकाळचे राग सामान्य श्रोत्याच्या कानावरून जवळजवळ गेलेच होते. भैरव, रामकली, ललत ऐकायचे कुठे? ते परत आणले दिवाळी पहाटेने. आश्विन-कार्तिकाच्या सांध्यावर, पहाटे, नवे कपडे घालून माणसं येऊन बसतात आणि समोर भैरव सुरू होतो. म्हणजे आपण नकळत शरदाचा राग शरदालाच परत दिला. ही मराठी माणसाने केलेली फार मोठी गोष्ट आहे असं मी मानते. म्हणूनच मला एका दिवाळी पहाटेचं वाईट वाटतं. सत्कार, मनोगतं, प्रायोजकांचे आभार यांत दोन तास गेले आणि गायिकेने भैरवाचा षड्ज लावला तेव्हा सव्वाआठ झाले होते. मंडपात लख्ख ऊन. ती चांगलंच गायली. पण ज्याच्याबद्दल गात होती ते निघून गेलं होतं. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे, सत्कार नंतर करा. सूर्य थांबत नाही.

आता संध्याकाळ. सकाळ आणि सांज या दोन्ही संधिप्रकाशांत कोमल रिषभ असतो. फरक करतो तो मध्यम. पहाटे शुद्ध, सांजेला तीव्र. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांनी या मध्यमाला अध्वदर्शक म्हटलंय, वाट दाखवणारा. वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेला हा माणूस वकिली सोडून देशभर हिंडला आणि हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून आपण आज इतक्या सहज बोलतोय.

जूनमध्ये आपल्याकडे सूर्य सव्वासातला मावळतो. आत्ता, ऑक्टोबरच्या मध्याला, सव्वासहाला. एक तास अलीकडे. त्या तासात आपण बहुतेक जण गाडीत लटकलेले असतो, म्हणून शरदाची सांज आपल्या हिशेबात येत नाही. एकदा सुट्टी काढून ती बघा. उपवनलाच जा, किंवा येऊरचा डोंगर दिसेल अशा कुठल्याही गच्चीवर. सूर्य डोंगरामागे जातो, पण तो अजून खऱ्या क्षितिजाखाली गेलेला नसतो. त्यामुळे पुढे कितीतरी मिनिटं आभाळ उजळलेलं राहतं, पाणी चकाकत राहतं, गवताची टोकं पेटल्यासारखी दिसतात, आणि उजेड जिथून येतोय ती वस्तूच दिसत नाही.

हा मारवा आहे, सांजेचा राग. मारव्यात पंचम नाही. षड्ज आहे, पण गायक त्याला टाळत राहतो. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून एकदम रिषभावर जातो, नी रे ग म ध, परत येताना धैवतावर थांबतो, रिषभावर थांबतो, आणि मधला षड्ज ओलांडून जातो. तंबोरा मागे षड्ज देतच असतो. आपल्या कानाला ठाऊक असतं की घर तिथे आहे. पण आपल्याला दारात नेत नाहीत. त्यामुळे जी हुरहूर लागते, ती सूर्य डोंगरामागे गेल्यानंतरच्या त्या उजेडासारखीच. ख्यालगायक अमीर खाँसाहेब मारव्याची आलापी करताना षड्जावर येतात, तेव्हा ऐकणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं ते त्यांनी आधी किती वाट बघायला लावली त्यामुळे.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. मी तलावाकाठी राग लावून बसा असं म्हणत नाहीये. अलीकडे माणसं येऊरला जातात ती सोबत स्पीकर घेऊन. येऊर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे पाखरं आहेत, बिबटे आहेत, त्यांचं ते घर आहे. आणि कानात बोंडं घालून चालणंही मला पटत नाही. राग काही देखाव्याचं पार्श्वसंगीत नव्हे, आणि डोंगर काही रागाचा पडदा नव्हे. दोघांनाही पूर्ण लक्ष हवं असतं. बघायला गेलात तर रिकाम्या कानांनी जा. पाण्याचा आवाज ऐका, गवतातून वारा कसा जातो ते ऐका. मग घरी या आणि डोळे मिटून तासभर ऐका. दोन्हींची गाठ आत पडते, तिला वेळ लागतो. माझी पडायला वीस वर्षं लागली, तुमची लवकर पडेल.

आपल्या गावाला हे नवीन नाही. पंडित राम मराठे इथे राहिले. नाट्यसंगीत आणि ख्याल दोन्ही एकाच ताकदीने गाणारा माणूस. त्यांच्या स्मरणार्थ आजही ठाण्यात संगीत समारोह होतो. बाहेर मासुंदा तलाव, काठाला कौपिनेश्वर, शेजारी गडकरी रंगायतन. इतकं जवळजवळ पाणी, देऊळ आणि गाणं किती शहरांत असेल?

कोजागिरीबद्दल बोलायचं ठरवलं होतं. दूध, चंद्र, गच्चीवरचा बिहाग. पण खिडकीतून बघतेय, ऊन समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर पोचलंय. सहा वाजून गेले. चंद्र परवा आहेच.

माझी विद्यार्थिनी आत तंबोरे लावून बसली आहे. मारव्यात पंचम नाही, म्हणून एरवी पंचमात असणारी पहिली तार निषादात लावलीय, तुम्हाला सुरुवातीला थोडं वेगळं वाटेल. पश्चिमेकडच्या दोन्ही खिडक्या पूर्ण उघडा. ट्यूबलाइट नकोत. आणि दारापाशी जे कुणी बसलेत त्यांनी उठून पंखे बंद करा. घाम येईल. अर्धा तासच.